गिटारच्या पेटीतले जेम्स लान्सिंग

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्याकडील संगणकाच्या दुकानांत अल्टेक लान्सिंग या नावाचे छोटे स्पीकर हमखास दिसत. आज मोबाइलला जोडायच्या बिनतारी स्पीकरवर जेबीएल ही तीन अक्षरे ठळकपणे मिरवतात. परस्परांच्या स्पर्धेत उभ्या राहिलेल्या या दोन्ही नावांच्या मुळाशी एकच माणूस आहे, याची कल्पना फारच थोड्यांना असते. जेम्स बुलो लान्सिंग हे त्याचे नाव. अवघे ४७ वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या अमेरिकी तंत्रज्ञाने दोनदा कंपनी काढली. पहिली त्याच्या हातून गेली आणि दुसरी कर्जात असतानाच तो गेला.

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांच्या जगात मात्र लान्सिंग यांची ओळख वेगळीच आहे. गिटारचा अॅम्प्लिफायर विकत घेतला, की त्यासोबतच्या पेटीत कारखान्याने बसवलेला स्पीकर येतो. तो कधी जळतो, कधी फाटतो, तर कधी वाजवणाऱ्याला त्याचा आवाज मानवत नाही. मग त्याच्या जागी दुसरा कोणता बसवावा, याचा शोध सुरू होतो. या शोधात गेली सहा दशके ज्या मोजक्या स्पीकरांची नावे घेतली जातात, त्यांत डी-१३० या पंधरा इंची स्पीकरचे स्थान मोठे आहे. तो लान्सिंग यांनी घडवला. पण गिटारसाठी नव्हे. घरात बसून शांतपणे रेकॉर्ड ऐकणाऱ्या श्रोत्यासाठी तो होता. लान्सिंग यांच्या मृत्यूनंतर त्याला जे दुसरे आयुष्य लाभले, ते पाहायला ते स्वतः नव्हते.

१४ जानेवारी १९०२ रोजी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील मकूपिन परगण्यात त्यांचा जन्म झाला. जन्मनाव जेम्स मार्टिनी. चौदा भावंडांतले ते नववे. वडील कोळशाच्या खाणींशी संबंधित कामात असल्याने कुटुंबाचा मुक्काम वरचेवर हलत असे. बालपणीचा काही काळ जेम्स लिचफील्ड या गावी बुलो नावाच्या कुटुंबात राहिला आणि पुढे त्या कुटुंबाचे नाव त्याने आपल्या नावात कायमचे गुंफून घेतले. विजेचे वेड लहानपणापासूनचे. दहाव्या वर्षी त्याने विद्युतभार साठवणारी लायडन बरणी घरीच तयार केली. बाराव्या वर्षी बांधलेला रेडिओ प्रक्षेपक तर एवढा सशक्त निघाला, की त्याचे संकेत नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रापर्यंत पोहोचले आणि तो बंद करवण्यात आला, अशी हकीगत त्याच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे.

विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. स्प्रिंगफील्ड येथे शालेय शिक्षण झाले, व्यापारी शिक्षण देणाऱ्या एका छोट्या महाविद्यालयात काही अभ्यासक्रम केले आणि मग ते मोटारींचे मेकॅनिक झाले. इंजिनाच्या बारीक कामात त्यांचा हात बसला होता. पुढील आयुष्य समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. स्पीकरकडे ते वळले ते एका यंत्रकारागिराच्या नजरेने. लोखंडाच्या दोन भागांत केसाएवढे अंतर किती अचूक राखता येते, तार किती घट्ट गुंडाळता येते, हे त्यांचे प्रश्न होते. लाउडस्पीकरमध्ये नेमके याच प्रश्नांना महत्त्व असते.

१९२४ मध्ये आईचे निधन झाल्यावर त्यांनी घर सोडले आणि युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी गाठले. तेथे त्यांना भावी पत्नी ग्लेना पीटरसन भेटल्या आणि केन डेकर हा व्यवसायातील भागीदारही भेटला. रेडिओचा जमाना नुकता सुरू होत होता आणि घरोघरच्या रेडिओंना स्पीकर लागत होते. दोघे लॉस एंजेलिसला आले आणि ९ मार्च १९२७ रोजी लान्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची नोंदणी झाली. त्याच सुमारास मार्टिनी हे आडनाव टाकून जेम्स यांनी जेम्स बुलो लान्सिंग हे नाव कायदेशीररीत्या स्वीकारले. सहा आणि आठ इंची स्पीकर ही कंपनीची सुरुवातीची उत्पादने. भाऊ बिल मार्टिनही कारखान्यात दाखल झाले. कामाची वाटणी आपोआप ठरून गेली होती : डेकर यांनी हिशेब, बँका आणि ग्राहक सांभाळायचे, लान्सिंग यांनी यंत्रांपाशी उभे राहायचे.

बोलपट आल्यावर हॉलिवूडला नवी अडचण भेडसावू लागली. चित्रपटगृहांतील तत्कालीन ध्वनियंत्रणा आवाजाची बूज राखत नव्हती. मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीच्या ध्वनिविभागाचे प्रमुख डग्लस शीअरर यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यावर स्वतःची यंत्रणा उभारायचे ठरवले आणि जॉन हिलियर्ड या अभियंत्याकडे ते काम सोपवले. त्या वेळच्या उपलब्ध यंत्रणेत खर्जाचा आणि तार स्वरांचा आवाज वेगवेगळ्या लांबीच्या कर्ण्यांतून प्रवास करी. ध्वनीला एक मीटर जायला सुमारे तीन सहस्रांश सेकंद लागतात. कर्ण्यांच्या लांबीत काही मीटरांचा फरक पडला, की टॅप नृत्यातला बुटाचा एक ठोका दोनदा ऐकू येई. हा दोष दूर करणाऱ्या शीअरर हॉर्न या यंत्रणेचे स्पीकर लान्सिंग यांच्या कारखान्यात तयार झाले. १९३६ या वर्षासाठीचा अकादमीचा तांत्रिक पुरस्कार शीअरर यांना आणि त्यांच्या विभागाला मिळाला. लान्सिंग यांचे नाव त्या गाजावाजात मागेच राहिले, तरी जाणकारांच्या वर्तुळात त्यांची कीर्ती पसरली. पाठोपाठ १९३७ मध्ये त्यांनी आयकॉनिक हा छोटेखानी स्पीकर बाजारात आणला. रेकॉर्डिंगच्या खोलीत, पडद्यामागच्या भल्याथोरल्या कर्ण्यांची गरज न पडता, नेमका आवाज तपासता यावा, ही त्यामागची कल्पना होती.

१९३९ मध्ये केन डेकर यांचा विमान अपघातात मृत्यू झाला. लान्सिंग यांच्या आयुष्यातील हा पहिला मोठा घाव आणि कदाचित सर्वांत खोल. हिशेबाची बाजू सांभाळणारा माणूस गेल्यावर दोन वर्षांतच कंपनीची आर्थिक घडी विस्कटली. ४ डिसेंबर १९४१ रोजी अल्टेक सर्व्हिस कॉर्पोरेशन या कंपनीने ती ५० हजार डॉलरला विकत घेतली. चित्रपटगृहांच्या ध्वनियंत्रणांची देखभाल करणाऱ्या अल्टेकला स्वतःचा कारखाना हवा होता आणि तो घडवणारे हातही हवे होते. जोडकंपनीचे नाव अल्टेक लान्सिंग असे ठेवण्यात आले. लान्सिंग स्वतः तेथे अभियांत्रिकी विभागाचे उपाध्यक्ष म्हणून पाच वर्षांच्या करारावर रुजू झाले.

तांत्रिकदृष्ट्या ही पाच वर्षे अत्यंत फलदायी ठरली. ६०४ या क्रमांकाचा डुप्लेक्स स्पीकर याच काळातला. त्यात खर्जाच्या कोनच्या मध्यभागीच तार स्वरांचा कर्णा बसवलेला होता आणि पुढे कित्येक दशके रेकॉर्डिंग स्टुडिओंतून तो वापरला गेला. १९४५ मधील व्हॉइस ऑफ द थिएटर या चित्रपटगृहांच्या यंत्रणेमागेही त्यांची कारागिरी होती. तथापि मोठ्या कंपनीतील नोकरी त्यांना रुचली नसावी. करार संपताच, १९४६ मध्ये, ते बाहेर पडले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी लान्सिंग साउंड ही नवी कंपनी स्थापन केली.

येथे नावाचे संकट उभे राहिले. लान्सिंग हे नाव आता अल्टेकच्या मालकीचे होते. जन्मनाव टाकून विचारपूर्वक स्वीकारलेले आडनाव कारखान्यासोबतच विकले गेले होते. अल्टेकने हरकत घेतल्यावर नव्या कंपनीचे नाव जेम्स बी. लान्सिंग साउंड असे लांबवावे लागले. आयकॉनिक हे त्यांनीच लोकप्रिय केलेले नावही त्यांना वापरता येईना. पुढे १९५५ च्या सुमारास याच वादावर तोडगा म्हणून जेबीएल ही आद्याक्षरे पुढे आली. आज जगभर ओळखली जाणारी ही अक्षरे म्हणजे एका तडजोडीचे फलित आहे.

नव्या कंपनीच्या पहिल्या दोन वर्षांत डी-१३० आकाराला आला. त्याचे वेगळेपण कळण्यासाठी स्पीकरची रचना थोडक्यात पाहावी लागेल. शक्तिशाली चुंबकाच्या निरुंद फटीत तारेची एक गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, अधांतरी असते. अॅम्प्लिफायरकडून आलेला प्रवाह तिच्यातून गेला, की ती पुढेमागे हलते आणि तिला चिकटवलेला कागदी कोन हवा ढकलतो. त्या काळातील बहुतेक स्पीकरांची कॉइल लहान व्यासाची आणि गोल तारेची असे. लान्सिंग यांनी डी-१३० मध्ये तब्बल चार इंच व्यासाची कॉइल घातली. तार चपटी करून ती पट्टीसारखी कडेवर उभी गुंडाळलेली होती. गोल तारांच्या वेटोळ्यांत मोकळ्या जागा उरतात. चपट्या तारेत त्या जवळजवळ उरतच नाहीत. त्यामुळे त्याच फटीत अधिक धातू मावतो आणि चुंबकाचे बळ वाया जात नाही. जोडीला अल्निको हे मिश्रधातूचे चुंबक, ओतीव धातूची भक्कम चौकट आणि कॉइलच्या तोंडावर अॅल्युमिनियमची चकचकीत घुमटी. हे सारे कागदावर मांडणे एक वेळ सोपे. पण एवढ्या मोठ्या कॉइलला फटीच्या भिंतींना न घासता हलत ठेवणे हे खऱ्या कारागिराचे काम होते. मोटारींच्या इंजिनांवर घालवलेली वर्षे येथे कामी आली.

या साऱ्याचा परिणाम म्हणजे विलक्षण कार्यक्षमता. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटरवर डी-१३० सुमारे १०३ डेसिबल आवाज देतो. या आकड्याचे महत्त्व गिटारवाल्यांना लवकर कळते. तीन डेसिबलची वाढ म्हणजे अॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केल्यासारखे. ९७ डेसिबलचा स्पीकर काढून त्याजागी १०३ डेसिबलचा बसवला, तर २५ वॅटचा अॅम्प्लिफायर १०० वॅटच्या तोडीने वाजतो. स्पीकर बदलताना ग्राहक सहसा वॅटचा आकडा पाहतो. खरे तर तो आकडा स्पीकर किती शक्ती सोसू शकेल एवढेच सांगतो. किती मोठ्याने वाजेल हे डेसिबलचा आकडा सांगतो. ही गल्लत आजही इतकी सार्वत्रिक आहे, की तिच्यावर स्पीकर विक्रेत्यांची पिढ्यान्‌पिढ्या गुजराण झाली असावी.

माल उत्कृष्ट होता, पण धंदा चालेना. लान्सिंग यांच्या वस्तू महाग पडत आणि त्या स्वस्त करण्यासाठी दर्जात कपात करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. मारक्वार्ट या विमान-इंजिन क्षेत्रातील कंपनीने काही काळ भांडवल आणि जागा पुरवली आणि तिचे खजिनदार विल्यम थॉमस लान्सिंग यांच्या संचालक मंडळावर आले. मारक्वार्टची मालकी जनरल टायर या कंपनीकडे गेली, तेव्हा नव्या मालकांना स्पीकरांत रस उरला नाही. थॉमस यांनी मात्र लान्सिंग यांची साथ धरली. तोवर देणी वाढत गेली होती. सप्टेंबर १९४९ मध्ये सॅन मार्कोस येथील आपल्या अॅव्होकॅडोच्या बागेत लान्सिंग यांनी जीवन संपवले. त्यांच्या नावे १० हजार डॉलरचा आयुर्विमा होता आणि त्याची लाभधारक कंपनी होती. त्या रकमेने कंपनी तगली. थॉमस यांनी ग्लेना यांचा हिस्सा विकत घेतला आणि कारभार हाती घेऊन पुढील वीस वर्षे तो चालवला. लान्सिंग यांचे आराखडे इतके पक्के होते, की त्यांच्या पश्चात डी-१३० मध्ये फारसा बदल न करताच तो दशकानुदशके बनत राहिला.

लॉस एंजेलिसपासून फार दूर नसलेल्या फुलरटन या गावी लिओ फेंडर नावाचे एक रेडिओ दुरुस्ती करणारे गृहस्थ गिटार आणि अॅम्प्लिफायर बनवत होते. योगायोग असा, की त्यांच्या नावाची कंपनीही १९४६ चीच. त्यांची भरीव लाकडाची गिटार बाजारात आली ती १९५० मध्ये, लान्सिंग यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने. फेंडर आपल्या अॅम्प्लिफायरांत प्रामुख्याने शिकागोच्या जेन्सन कंपनीचे स्पीकर बसवत. माफक शक्तीला ते उत्तम होते आणि त्यांच्या आवाजाचे चाहते आजही आहेत. मात्र नृत्यगृहे मोठी होत गेली, वादक अधिक जोराने वाजवू लागले आणि अॅम्प्लिफायरांची शक्ती वाढली, तशा कॉइली जळू लागल्या. विशेषतः स्टील गिटार वाजवणाऱ्यांना अखंड, स्वच्छ, न फाटणारा सूर हवा असे. मूळ स्पीकर काढून डी-१३० बसवण्याची पद्धत कॅलिफोर्नियात अशी गरजेतून रुजली. किंमत मोठी, वजन त्याहून मोठे. तरी लोक घेत. १९५९-६० मध्ये फेंडर यांनी व्हायब्रासॉनिक या अॅम्प्लिफायरात पंधरा इंची जेबीएल कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली. एरवी ग्राहक स्वतःच्या खर्चाने जो बदल करत, तो आता किमतीत धरला गेला.

पुढची कसोटी डिक डेल या वादकाने घेतली. बाल्बोआच्या रांदेव्हू बॉलरूममध्ये १९६१ च्या उन्हाळ्यात हजारो तरुणांच्या गर्दीपुढे वाजवणारा हा गडी जाड तारा वापरी आणि त्यांच्यावर निर्दयपणे आघात करी. अॅम्प्लिफायर आणि स्पीकर त्याच्यापुढे टिकेनात. डेल यांनी नंतर अनेक वर्षे सांगितलेल्या हकिगतीनुसार, स्वतः लिओ फेंडर आणि त्यांचे सहकारी फ्रेडी टव्हारेस यांनी गर्दीत उभे राहून तो आवाज अनुभवला आणि मगच त्यांची खात्री पटली. त्यातून शोमन आणि दोन स्पीकरांचा ड्युअल शोमन हे सुमारे ८५ वॅटपर्यंतच्या शक्तीचे अॅम्प्लिफायर जन्मले. त्यांना पेलणारा स्पीकर हवा म्हणून जेबीएलच्या अभियंत्यांनी डी-१३० मध्ये किंचित फेरफार केले. संगीत ऐकवणाऱ्या स्पीकरला एवढे हिसके बसत नाहीत. गिटारचे हिसके सोसताना कॉइल भिंतीला घासू नये म्हणून चुंबकाची फट जराशी रुंद करण्यात आली. या आवृत्तीला डी-१३०एफ हे नाव मिळाले. त्यातील एफ हे अक्षर फेंडर यांचे. पाठोपाठ बारा इंची डी-१२०एफ, दहा इंची डी-११०एफ आणि बास गिटारसाठी डी-१४०एफ अशी मालिकाच तयार झाली. फेंडर यांच्या ट्विन रिव्हर्ब या लोकप्रिय अॅम्प्लिफायरात जादा पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला जेबीएल बसवून मिळत असे.

घरगुती संगीतासाठी घडवलेला स्पीकर गिटारला का मानवला, हा प्रश्न साहजिक आहे. या दोन कामांच्या अपेक्षा परस्परविरोधी आहेत. रेकॉर्ड ऐकवणाऱ्या स्पीकरने मूळ आवाजात काही मिसळू नये आणि त्यातून काही गाळूही नये. गिटारचा स्पीकर मात्र वाद्याचाच अर्धा भाग असतो. गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ८२ हर्ट्झवर कंप पावते आणि गिटारच्या स्पीकरचा आवाज साधारणपणे पाच हजार हर्ट्झच्या पुढे झपाट्याने ओसरतो. त्यामुळे अॅम्प्लिफायरच्या विकृत सुरातला कर्कशपणा झाकला जातो. ब्रिटनमधील मार्शल यांच्या पेट्यांत बसणारे सेलेस्टियनचे बारा इंची स्पीकर पातळ कोनचे आणि कमी शक्ती सोसणारे होते. जोराने वाजवले, की त्यांचा कोन स्वतःच थरथरून सुरात गोड खरखर मिसळे आणि रॉक संगीताने तीच खरखर आपलीशी केली. लान्सिंग यांचा स्पीकर असे काही करत नाही. अॅल्युमिनियमच्या घुमटीमुळे त्याचे तार स्वर लखलखीत येतात आणि सुराची धार शेवटपर्यंत बोथट होत नाही. वादकाच्या बोटांतली चूकही तो लपवत नाही.

म्हणूनच त्याची निवड ही वादकाच्या वृत्तीची निवड ठरली. ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाचे जेरी गार्सिया यांना प्रत्येक सूर सुटा आणि स्पष्ट हवा असे. जेबीएलचे बारा इंची स्पीकर त्यांनी दीर्घकाळ वापरले. त्याच वाद्यवृंदाने १९७४ मध्ये उभारलेल्या वॉल ऑफ साउंड या अवाढव्य ध्वनिभिंतीतही जेबीएलचे शेकडो स्पीकर होते. जिमी हेंड्रिक्स यांनी काही काळ सन या कंपनीचे अॅम्प्लिफायर वापरले. त्यांच्या पेट्यांत डी-१३०एफ असत. परंतु अॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकत्र फुटताना निघणाऱ्या आवाजातच ज्यांचे संगीत होते, त्या हेंड्रिक्स यांना ही स्वच्छता फार काळ मानवली नाही आणि ते मार्शलकडे परतले. पेडल स्टील गिटार वाजवणाऱ्यांनी मात्र पंधरा इंची जेबीएलला अखेरपर्यंत सोडले नाही. महागडा आणि नामांकित स्पीकर बसवला म्हणजे आवाज सुधारलाच, असे समजणाऱ्यांची लान्सिंग यांच्या स्पीकरने अनेकदा निराशा केली आहे.

१९६९ मध्ये थॉमस यांनी कंपनी सिडनी हार्मन यांच्या उद्योगसमूहाला विकली. हाच समूह २०१७ मध्ये सॅमसंगच्या ताब्यात गेला. गिटारच्या स्पीकरांच्या मालिकेची नावे १९७० च्या दशकात बदलून के-१३०, के-१२० अशी झाली आणि त्यानंतर ई-मालिका आली. १९७८ मध्ये झैरेमधील संघर्षामुळे कोबाल्टचा तुटवडा निर्माण झाला. अल्निकोसाठी कोबाल्ट लागतो. त्यामुळे जेबीएलला फेराइट चुंबकाकडे वळावे लागले. आफ्रिकेतील एका खाणप्रदेशातील गोळीबाराने कॅलिफोर्नियातील स्पीकरचा पोत बदलला, असे म्हणता येईल. लान्सिंग यांच्या मूळ बांधणीचे अल्निको स्पीकर आता जुन्या बाजारातच मिळतात आणि गिटारवाले ते तेथून शोधून काढतात.

त्यांचा शोध घेणाऱ्याला काही गोष्टी पाहाव्या लागतात. कोनवर दोन्ही हातांची बोटे समान दाबून तो हळूच आत ढकलला असता खरखर आली, तर कॉइल फटीत घासते आहे असे समजावे. कोन फाटलेला किंवा कॉइल जळलेली असेल, तर नवा कोन आणि कॉइल बसवून घेता येतात. चौकट आणि चुंबक सहसा शाबूत असतात. आपटलेल्या किंवा फार जुन्या अल्निको चुंबकाचे बळ घटलेले असू शकते, पण ते पुन्हा भरून घेता येते. घरगुती डी-१३० आणि गिटारचा डी-१३०एफ यांत फटीचा जो फरक आहे, तो जोरात वाजवणाऱ्याने विसरू नये. अॅम्प्लिफायरला अपेक्षित असलेला ओहमचा आकडा जुळला पाहिजे. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले, की चार ओहम होतात, आणि ही जुळणी चुकली तर व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो. बारा इंची छिद्राच्या फळीत पंधरा इंची स्पीकर बसत नाही, ही उघड गोष्टही उत्साहाच्या भरात विसरली जाते. चौकटीचे वजन पेलेल एवढी ती फळी जाड असावी लागते.

सर्वांत अधिक फसगत होते ती एकाच पेटीत दोन वेगळ्या कंपन्यांचे स्पीकर बसवताना. एक तर १०३ डेसिबलच्या स्पीकरपुढे ९७ डेसिबलचा जोडीदार जवळजवळ ऐकूच येत नाही. दुसरी गोष्ट त्याहून चमत्कारिक आहे. इतर बहुतेक स्पीकरांच्या तांबड्या टोकाला बॅटरीचे धन टोक लावले, तर कोन बाहेर येतो. जेबीएलचा आत जातो. कंपनीने ही उलटी रीत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पाळली. तारा नेहमीप्रमाणे जोडल्या, की शेजारी-शेजारी बसलेले दोन कोन एकमेकांविरुद्ध हलतात, एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि पेटीतून खर्ज नाहीसा होतो. घेतलेला स्पीकर सदोष निघाला, असा समज करून कित्येकांनी तो परत केला असेल. त्यावरचा उपाय दीड व्होल्टच्या साध्या सेलने होतो : सेल क्षणभर टोकांना टेकवावा, कोन कुठे जातो ते पाहावे आणि जेबीएलच्या दोन तारांची अदलाबदल करावी.